सबवूफरखालचे रबर आणि किल्लारीची शाळा

सबवूफर नावाची पेटी जगातल्या सामान्य माणसाला पहिल्यांदा कळली ती भूकंपामुळे. भूकंप खोटा होता, पण भूकंपच. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत 'अर्थक्वेक' नावाचा चित्रपट आला. लॉस एंजलिस शहर कोसळते अशी गोष्ट. पडद्यावर घरे पडताना प्रेक्षकांच्या खुर्च्याही हलल्या पाहिजेत असे युनिव्हर्सल कंपनीच्या मनात आले आणि त्यासाठी 'सेन्सराउंड' नावाची व्यवस्था तयार झाली. थिएटरात कपाटाएवढ्या पेट्या मांडायच्या आणि त्यांतून कानाला जेमतेम ऐकू येणारा, पण छातीला आणि तळपायांना नक्की कळणारा खर्ज सोडायचा. हॉलिवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरात त्याच्या चाचणीत छताच्या गिलाव्याचे तुकडे पडले, मग प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. तरी लोकांनी रांगा लावून तिकिटे काढली.

पैसे देऊन भूकंप घ्यायची ही कल्पना लातूर जिल्ह्यात कुणाला सुचली नसती. निदान १९९३ नंतर तरी नाही.

मी इतिहासाची शिक्षिका. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातून बी.ए., मग बी.एड., आणि पुढची सगळी नोकरी लातूर जिल्ह्यात. घर नांदेडला, मुलगा लातूरला, त्यामुळे वर्षातले चार-पाच महिने लातूरच्या फ्लॅटमध्ये जातात. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरी गेल्या दिवाळीनंतर महिनाभर मी 'घरातला सबवूफर जमिनीपासून वेगळा कसा करायचा' या एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. त्या प्रश्नाने मला आधी किल्लारीला, तिथून युगोस्लाव्हियाला आणि शेवटी लातूरच्या एका पंक्चरवाल्याच्या दुकानात नेले. ते सगळे इथे लिहून ठेवते आहे. लांबण लागली तर नातेवाइकांनी सवयीने सोसावी, ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनी हक्काने रागवावे :)

तर झाले असे. नातू पुण्याहून दिवाळीला आला तो ही पेटी घेऊनच. काळी, चौकोनी, पंधरा किलोची. तिचा कर्णा खाली, फरशीकडे तोंड करून बसवलेला. दिवाळीचे चार दिवस संध्याकाळी सिनेमे चालले. घरातल्या कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. मलाही नाही, मी तर निम्मा वेळ डुलक्या घेत होते. तिसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, खालच्या मजल्यावरच्या काकू रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतायत. एवढ्या गारठ्यात."

मी फराळाचे ताट घेऊन खाली गेले. बाई साठीच्या. मुलाच्या नोकरीमुळे लातुरात आलेल्या, मूळच्या औसा तालुक्यातल्या. पेटीचा विषय मीच काढला.

"तक्रार नाई ओ बाई," त्या म्हणाल्या. "पोरांनी वाजवावंच की सणासुदीला. पण पायाखाली तसं गुरगुरलं की मी चपला बी घालत नाई बगा. आधी बाहेर. कळतंय मला, वरचा टीवी हाय म्हणून. पाय ऐकत नाईत."

त्यांचे गाव पुनर्वसन झालेल्या ५२ गावांपैकी. त्या रात्री घरातली चार माणसे माळवदाखाली गेली. यापलीकडे त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारले नाही.

तरुण वाचकांसाठी आणि परदेशातल्या भाचरांसाठी थोडे सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी हे केंद्र, तीव्रता ६.२. जगाच्या हिशेबाने हा काही प्रचंड भूकंप नव्हे, पण तो फार उथळ होता आणि नेमका गावांच्या खाली होता. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

माणसे मारली ती घरांनी. आमच्याकडचे जुने घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती. दिसायला किल्ला. पण ती भिंत एक नसते, दोन असतात. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली, दोन्ही थरांना बांधणारा आडवा दगड क्वचितच. सांध्यात मातीचाच चिखल. वर लाकडी सऱ्या, फळ्या आणि त्यांवर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर, म्हणजे माळवद. उन्हाळ्यात अशा घरात जे सुख असते ते काँक्रीटच्या खोलीत पंखा लावून मिळत नाही. पण ही सगळी मांडणी फक्त वजनावर उभी. जमीन आडवी हलली की थर फुटायचे, भिंत पोट काढून सांडायची आणि टनावारी माती झोपलेल्या माणसावर यायची. जिथे छताचा भार भक्कम लाकडी खांबांवर पेललेला होता तिथली काही छते भिंती पडूनही उभी राहिली.

त्यानंतर आमच्या शाळेत मुले वर्गात बसायला तयार नव्हती. महिनाभर आम्ही मैदानात शिकवले. पुढे वर्ग आत नेले, तर मागच्या रांगेत कुणी बाक सरकवला की त्याची घरघर फरशीतून पुढे यायची आणि सगळा वर्ग एकदम उभा राहायचा. मी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मला ते पाठीला कळायचे. म्हणून खालच्या बाईंचे 'पाय ऐकत नाहीत' हे मला समजावून सांगावे लागले नाही.

आणि त्यांच्या पायांचे चुकते तरी कुठे? किल्लारीच्या जमिनीने आधी आवाजच दिले होते. १९९२ च्या उत्तरार्धात त्या भागात महिनोन्‌महिने बारीक धक्के आणि जमिनीतून गडगडाट चालू होता. पुढे २००७ च्या सुमारास नांदेड शहरात तसेच झाले. स्फोटासारखा आवाज, खिडक्यांचा खडखडाट, रस्त्यावर जागलेल्या रात्री. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज आले. १५ फेब्रुवारी २०२३ ला लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या भागात सकाळी असाच मोठा आवाज झाला आणि लोक रस्त्यावर आले. भूकंपमापक केंद्रांवर मात्र काहीच नोंद नव्हती. २०२४ मध्ये मार्च आणि जुलै असे दोनदा हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडला आम्ही घरात अनुभवले. भांडी वाजली, आणि मी या वयात जिना उतरले त्या वेगाने पूर्वी कधी उतरले नसेन.

लहान, उथळ भूकंप हलण्याआधी ऐकू का येतो, याचे कारण मला निवृत्त अभियंता असलेल्या दिराने समजावले. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. किल्लारीला भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने खोल विंधनछिद्र घेतले, तर बेसाल्टच ३३८ मीटर निघाला, मग खालचा जुना खडक. असा टणक दगड जलद कंपने वाटेत फारशी गिळत नाही. केंद्र जवळ आणि उथळ असले की सेकंदाला वीस-तीस-पन्नास वेळा होणारी कंपने तशीच वर येतात, जमिनीचा पृष्ठभाग कर्ण्याच्या पडद्यासारखा थरथरतो आणि हवेत आवाज उठतो. सबवूफरचे काम कोणत्या पट्ट्यात चालते? सेकंदाला सुमारे वीस ते शंभर कंपने. म्हणजे बाईंच्या तळपायाला जे पोहोचत होते ते खरोखरच जमिनीच्या आवाजाच्या जातीचे होते. यात मनाचे खेळ वगैरे काही नाही.

(जाता जाता एक. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती मोजायची 'ए' भारांकनाने, म्हणजे माणसाचा कान ज्या सुरांना मंद असतो ते सूर मीटरनेही कमी धरायचे. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जातून मीटर तीसेक डेसिबल वजा करते. डीजेच्या मिरवणुकीत भिंत हलते आणि मीटर कागदावर शांत दिसते, त्यातली बरीच गंमत इथे आहे. कायदा कानाने ऐकतो, पायांनी नाही.)

असो. पेटी फरशीपासून तोडायची कशी?

आपल्या लोकांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. तबला कुणी उघड्या फरशीवर ठेवत नाही, खाली कापडाची चुंबळ असते. ती तबल्याला नुसती आधार देत नाही, फरशीपासून वेगळेही ठेवते. संबळ कमरेला, हलगी हातात, म्हणजे जमिनीशी संबंधच नाही. जाते सारवलेल्या मातीच्या जमिनीवर बसायचे आणि पहाटे चार वाजता दळण सुरू झाले तरी पलीकडच्या खणातले पोर झोपून राहायचे. तेच जाते चौथ्या मजल्यावरच्या काँक्रीटच्या स्लॅबवर ठेवून पाहा. शाळेच्या गॅदरिंगला रेकॉर्डप्लेअर लावायचा तर आमचे शिपाईमामा त्याखाली दोनदा घडी घातलेली गोधडी ठेवायचे, कारण लाकडी स्टेजवर पोरे नाचली की सुई उडायची. तिथे काळजी उलट दिशेची होती, जमिनीचे हलणे यंत्रात येऊ नये म्हणून. पण उपाय एकच. दोघांच्या मध्ये काहीतरी मऊ.

मात्र कितीही मऊ, कसेही मऊ चालत नाही, ही खरी मेख. गलोलीचे रबर घ्या आणि त्याला एक दगड बांधून लोंबकळू द्या. हात सावकाश वरखाली करा, दगड हाताबरोबर वरखाली होतो. आता वेग वाढवत न्या. एका विशिष्ट लयीला दगड हातापेक्षाही जास्त उड्या मारू लागतो. ती त्याची स्वतःची लय. त्याच्या पुढे जाऊन हात भराभर हलवला की दगड जवळपास जागच्या जागी राहतो. हात थरथरतोय आणि दगड ढिम्म. सगळे शास्त्र एवढेच आहे. तुमची कंपने त्या वस्तूच्या स्वतःच्या लयीपेक्षा दीडपट तरी जलद असली तर फायदा सुरू होतो. तिप्पट असली तर आठवा हिस्साच पलीकडे जातो. लयीच्या जवळ असली तर मधल्या मऊ थराने त्रास कमी होण्याऐवजी वाढतो!

ती लय काढायची पद्धत मला फार आवडली, कारण तिला फक्त फूटपट्टी लागते. वजन ठेवल्यावर खालचा मऊ थर किती दबला ते पाहायचे. एक मिलिमीटर दबला तर लय सेकंदाला सुमारे सोळा. चार मिलिमीटर दबला तर आठ. नऊ दबला तर पाचच्या जरा वर. सबवूफरचा खालचा सूर पंचवीसचा धरला तर खालचा थर निदान चार मिलिमीटर दबलाच पाहिजे, आणि दबूनही त्याच्यात लवचिकपणा उरला पाहिजे.

हीच गोष्ट उलटी करून, म्हणजे जमीन हलते आणि वरची वस्तू वाचवायची, असे म्हटले की आपण भूकंपाच्या इतिहासात येतो.

जॉन मिल्न हा इंग्रज प्राध्यापक जपानमध्ये शिकवत होता. त्याने १८८० च्या दशकात तोकियोत एक छोटे घर लोखंडी गोळ्यांवर बसवले. जमीन सरकली तर गोळे गडगडतील, घर राहील. भूकंपात ठीक, पण वारा आला तरी घर हलू लागले. मग त्याने गोळे लहान-लहान करत अगदी छऱ्यांएवढे केले. पुढे रबर आले. लंडनमध्ये १९६० च्या दशकात सेंट जेम्सेस पार्क या भुयारी रेल्वेस्थानकावर 'अल्बनी कोर्ट' नावाची निवासी इमारत रबराच्या ठोकळ्यांवर उभी केली, आणि ती भूकंपासाठी नव्हे, तर खालून जाणाऱ्या गाड्यांचा घरघराट वरच्या बिऱ्हाडांत चढू नये म्हणून. म्हणजे खालच्या बाईंची तक्रार (जी त्यांनी केलीच नाही) तिथे इमारत बांधणाऱ्यांनी आधीच ऐकली होती.

मग युगोस्लाव्हिया. २६ जुलै १९६३ ला स्कोप्ये शहर भूकंपात पडले, हजारावर माणसे गेली. जगभरातून मदत आली, त्यात स्वित्झर्लंडने एक शाळा दिली. १९६९ मध्ये पूर्ण झालेली ही तीन मजली शाळा रबराच्या ठोकळ्यांवर उभी आहे. भूकंपापासून वाचण्यासाठी रबरावर उभारलेली ती जगातली पहिली इमारत मानतात. तिचे नाव योहान हाइन्रिख पेस्टालॉझी शाळा! बी.एड. केलेल्या माझ्या पिढीने हे नाव परीक्षेसाठी घोकले आहे: डोके, हृदय आणि हात या तिघांचे शिक्षण. त्या पेस्टालॉझीच्या नावाची शाळा पायाखाली मऊ ठोकळे घेऊन उभी आहे हे मला सत्तरीनंतर कळले आणि फार बरे वाटले. तिथले ठोकळे नुसत्या रबराचे होते, त्यामुळे इमारतीच्या भाराने बाजूंना फुगले. नंतरच्या लोकांनी रबराच्या थरांमध्ये पोलादी पत्रे घालायला सुरुवात केली. सँडविचसारखे समजा. त्याने रबर उभ्या भाराला टणक आणि आडव्या हालचालीला मऊ होते. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात त्याच्या मधोमध शिशाचा गाभा घातला, म्हणजे हेलकावे आपोआप थकतात.

आता किल्लारी. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने गावे नव्या जागी वसवली गेली. त्या नव्या किल्लारीत दोन एकमजली इमारती रबरी आधारांवर बांधल्या. एक दुकानांची आणि दुसरी शाळेची. साध्या विटांच्या भिंती, वर काँक्रीटचे छत, खाली टणक जमीन आणि मध्ये रबर. भारतातले हे पहिले प्रात्यक्षिक. ज्या भुजच्या रुग्णालयाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, ते २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतरचे, न्यूझीलंडचे शिसे-रबराचे आधार घेऊन बांधलेले. किल्लारी त्याच्या आधीची.

बुटकी, जड, ताठ विटांची इमारत हीच या उपायाला सर्वांत योग्य. अशा इमारतीची स्वतःची लय जलद असते, सेकंदाला पाच-दहा. भूकंपाचा जोर साधारण तिथेच असतो, म्हणून ती फुटते. रबरावर ठेवली की लय मंदावते, एका हेलकाव्याला दोनेक सेकंद लागतात. खाली जमीन चटचट हलते, वर शाळा सावकाश डोलते. गलोलीचा दगड तो हाच.

मला राग एका गोष्टीचा येतो. मी लातूर जिल्ह्यात इतिहास शिकवला. खरोसा लेणी, औशाचा किल्ला, निलंग्याचे मंदिर, हैदराबाद मुक्तिसंग्राम, सगळीकडे सहली नेल्या. पण 'मुलांनो, देशात पहिल्यांदा एक शाळा रबरावर ठेवली ती आपल्या जिल्ह्यात' हे वाक्य मला कोणत्या पुस्तकात, कोणत्या परिपत्रकात, कोणत्या प्रशिक्षणात भेटले नाही. भूकंपाचे स्मरण आपण दर ३० सप्टेंबरला करतो, मेलेल्यांना वंदन करतो, ते केलेच पाहिजे. त्या दुःखातून आपल्या मातीत जे शहाणपण उभे राहिले त्याला मात्र कुणी हार घालत नाही. खालच्या बाईंना मी त्या शाळेबद्दल सांगितले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग घरं का नाई ठेवली तशी?" खर्चाचे उत्तर मला देता आले, पण ते देताना माझाच आवाज मला सरकारी वाटला.

आता आमची पेटी. नातवाने आधी आंतरजालावर वाचून पितळेचे टोकदार पाय मागवले. दिसायला देखणे. पण टोक म्हणजे खिळाच. तो पेटीला फरशीपासून तोडत नाही, जखडतो. खाली काही फरक नाही. मग आला काळा स्पंज. पंधरा किलो ठेवताच तो पापडासारखा चपटा झाला. पूर्ण दबलेला स्पंज आणि दगड यांत फरक काय? मी फूटपट्टीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले ते 'आजीला काय झाले' अशा नजरेने.

शेवटी मी लहानपणच्या पिठाच्या गिरणीवर आले. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने मोटरीखाली जुन्या टायरचे तुकडे घातलेले मला आठवत होते. शिवाय वजन हवे. वजन वाढले आणि खाली मऊ राहिले तर लय आणखी मंद होते. लातुरात शहाबादी फरशीला तोटा नाही. दोन फूट बाय दोन फूट, एक इंच जाडीची एक फरशी आणली, चोवीस-पंचवीस किलो भरली. तिच्याखाली पंक्चरवाल्याकडून आणलेली स्कूटरची जुनी ट्यूब, अर्धवट हवा भरलेली. फरशी ट्यूबवर, पेटी फरशीवर. बोटाने ढकलले तर सगळे नावेसारखे सावकाश डुलते. नातवाने सेकंद मोजले आणि पहिल्यांदाच मान हलवली.

परीक्षा खालच्या बाईंच्या घरी. त्यांनीच परात काढली, फरशीवर ठेवून पाण्याने भरली, आणि वरून तोच सिनेमा, तोच प्रसंग. पेटी थेट स्लॅबवर असताना पाण्यावर बारीक गोल उठत होते. टोकदार पायांनीही उठले. ट्यूबवर ठेवल्यावर पाणी थांबले. बाई परातीकडे नाही, स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

आवाज मात्र थांबला नाही, हेही सांगते, नाहीतर कुणी उद्या पंक्चरवाल्याकडे धावेल. खर्ज दोन वाटांनी खाली जातो. एक पेटीच्या पायांतून स्लॅबमध्ये, आणि काँक्रीटमध्ये कंपन हवेच्या दहापट वेगाने पळते. ही वाट ट्यूबने बंद होते. दुसरी वाट खोलीतल्या हवेतून. पेटीने हवा हलवली की हवा स्लॅबला दाबते, आणि सेकंदाला चाळीस कंपनांची लाट साडेआठ मीटर लांब असते. तिला गालिचे, पडदे, थर्मोकोल काही अडवत नाही. खालच्या घरात काचेच्या कपाटातला एक पेला एका ठरावीक सुराला अजून किणकिणतो. त्यावर पेटी कोपऱ्यातून भिंतीच्या मध्याकडे आणली, कारण कोपरा खर्ज फुगवतो, आणि मागचे आवाजाचे बटण निम्म्यावर केले. पैसे असतील तर दोन कर्णे पाठीला पाठ लावून बसवलेल्या पेट्या मिळतात; एक उजवीकडे ढकलतो तेव्हा दुसरा डावीकडे, त्यामुळे पेटी स्वतः हलतच नाही. नातवाला त्या हव्या आहेत. मी म्हटले आधी नोकरी लाग.

रात्री नऊनंतर पेटी बंद, हे सूनबाईने ठरवले. कायदा रात्री दहा म्हणतो, पण खालच्या घरात जेवणे लवकर होतात. पार्किंगमधली खुर्ची आता वॉचमन वापरतो.

ट्यूबमधली हवा तीनेक आठवड्यांत उतरते आणि फरशी एका अंगाला कलते. नातू पुण्याला गेला, त्यामुळे सायकलचा पंप टीव्हीखालच्या कपाटात असतो आणि हवा भरायचे काम माझ्याकडे आले आहे.